रजा, राजीनामा आणि रझाकार

आमच्या परभणीकडच्या जुन्या माणसांना वय विचारलं की आकडा मिळत नाही, घटना मिळते. "रजाकारात मी पाळण्यात होतो." "रजाकार सरले त्या साली आमच्या आईचं लग्न झालं." "हा वाडा रजाकाराच्या आधीचा." अशी माणसं आता मोजकीच उरलीत, पण त्यांच्या मुलांच्या तोंडातही ही कालगणना आहे. १९४७-४८ असं कुणी म्हणत नाही. जसा प्लेग, जसा बहात्तरचा दुष्काळ, तसे रजाकार. म्हणजे माणसं नव्हेत, तो एक काळच. येऊन गेलेला, आणि जाताना घरं, गुरं, माणसं घेऊन गेलेला.

हा शब्द आपल्याकडे कुणी शब्दकोशात बघायला जात नाही, कारण त्याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे. पण कधीतरी सहज उर्दू कोश उघडावा. तिथे रझाकार या शब्दापुढे सरळ साधा अर्थ दिलेला सापडतो: स्वयंसेवक. आपल्या खुशीने, मोबदला न घेता काम करणारा.

इथे जरा थांबावंसं वाटतं. एवढ्या भल्या अर्थाचा शब्द आमच्या आज्यांच्या तोंडी पोरांना भीती घालायचा शब्द कसा झाला? आणि तो एकटाच असा आहे का? म्हणून या शब्दाचं सगळं खानदानच एकदा बघून घेऊ. ते बरंच मोठं आहे, आणि त्यातले अर्धे सभासद आपण रोज वापरतो.

मूळ शब्द अरबी, 'रिदा'. अर्थ संतोष, मान्यता, संमती. त्यात जे अरबी अक्षर आहे त्याचा उच्चार अरब 'द'सारखा जड करतात, आणि इराणी लोक 'झ' करतात. अरबांचा रमादान आपल्याकडे रमजान होतो तो याच अक्षरामुळे. तसाच रिदाचा इराणात रिझा झाला, उर्दूत रझा, आणि मराठीत आल्यावर नुक्ता गळून पडून रजा.

हो, तीच रजा. किरकोळ रजा, अर्जित रजा, आजारपणाची रजा. रजा म्हणजे मुळात सुटी नव्हेच, तर परवानगी. साहेबाची मर्जी. जुन्या मराठीत रजा द्या म्हणजे जायची परवानगी द्या. आजही भाषणाच्या शेवटी वक्ता "आपली रजा घेतो" म्हणतो, तेव्हा तो सुटीवर जात नसतो, श्रोत्यांची संमती मागत असतो (बहुतेक वेळा श्रोत्यांनी ती अर्ध्या तासापूर्वीच मनातल्या मनात दिलेली असते, ती गोष्ट वेगळी). गुजरातीत रजा म्हणजे परवानगीही आणि सुटीही. कन्नडमध्ये रजे म्हणजे सुटी. पण हिंदी-उर्दूत कुणी कचेरीत रजा मागितली तर ऐकणारा बुचकळ्यात पडेल, कारण तिथे सुटीला छुट्टी किंवा रुखसत. तिकडे रझा हा मोठा, गंभीर शब्द आहे. देवाची रझा, नशिबाची रझा. पंजाबीत तर रजा म्हणजे ईश्वराची इच्छा, जिच्यापुढे मान तुकवायची. एकीकडे परमेश्वराची इच्छा आणि दुसरीकडे कारकुनाचा सुटीचा अर्ज, शब्द एकच!

याच घरातला दुसरा शब्द राजी. तुर्कीत राझी, बंगालीत राजी, मराठीत राजी, सगळीकडे अर्थ तयार, कबूल. तुर्कीत संमतीला आजही रिझा म्हणतात. आपल्या जुन्या दस्तांत "राजीखुशीने लिहून देतो" असं वाक्य असतंच, मग लिहून देणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी का असेना.

तिसरा शब्द त्याहून मजेदार, राजीनामा. शब्दशः संमतीचा कागद. आता हिंदी पट्ट्यातल्या कोर्टात किंवा पाकिस्तानातल्या कोर्टात राजीनामा झाला म्हणजे दोन्ही पक्षांत समेट झाला. भांडण मिटलं. आणि मराठीत, गुजरातीत, कन्नडमध्ये, तेलुगूत राजीनामा म्हणजे पद सोडल्याचा कागद. तिकडे लोक राजीनामा करून एकत्र येतात, आपल्याकडे राजीनामा देऊन निघून जातात. हा फरक कसा पडला असेल त्याचा एक धागा जमिनीच्या कागदांत दिसतो. मुंबई इलाख्याच्या महसूल पद्धतीत जमीन सोडणारा शेतकरी "मी राजीखुशीने सोडतो" असा राजीनामा लिहून देई, आणि तीच जमीन घेणारा नवा माणूस कबुलायत लिहून देई. एकाचा राजीनामा, दुसऱ्याची कबुलायत. जमीन सोडण्यातून खुर्ची सोडणं फार लांब नाही.

एवढं सांगितलं ते अशासाठी, की शब्दाचं मूळ दाखवून "म्हणून याचा खरा अर्थ हा" असं म्हणता येत नाही. उद्या कुणी मंत्री राजीनामा देऊन म्हणाला की मूळ अर्थ संमती आहे, मी राहायला संमती दिली, तर आपण हसू. अर्थ वापरातून ठरतो. आणि वापर करणाऱ्या माणसांवर जे गुदरलं त्यातून ठरतो.

रझाकारचं तेच झालं.

रझा अरबी आणि कार हा फारसी प्रत्यय, करणारा. दोन्हींचा जोड फारसी-उर्दूच्या कुशीतला. स्वतः अरब स्वयंसेवकाला वेगळाच शब्द वापरतात, इराणी दावतलब म्हणतात. अफगाणिस्तानात आणि पाकिस्तानात मात्र रझाकार हाच रोजचा शब्द आहे. पूर आला, भूकंप झाला, की उर्दू बातम्यांत रझाकार मदतीला धावतात. एधी फाउंडेशनच्या रुग्णवाहिकांबरोबर जाणारे रझाकार. रक्तदान करवणारे रझाकार. इंग्रजीतला व्हॉलंटियर हा शब्द लॅटिनमधल्या इच्छा या अर्थाच्या शब्दावरून आला, त्याचीच ही पूर्वेकडची बहीण.

हैदराबाद संस्थानात मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीन या संघटनेने आपल्या स्वयंसेवक दलाला हे नाव दिलं, तेव्हा त्यांच्या कानाला ते असंच भलं वाटलं असणार. १९४६ पासून या संघटनेची सूत्रं कासीम रझवी यांच्या हातात आली. ते मूळचे उत्तर प्रदेशाकडचे, अलीगढला शिकलेले, आणि वकिली करायला लातूरला आलेले. योगायोग असा की त्यांचं आडनावही याच धातूचं. रझवी म्हणजे इमाम अली रझा यांच्या वंशातले. रझिया, रिझवान, मुर्तझा ही नावंही त्याच घरची. आपल्या गल्लीत ही नावं असतातच, फक्त त्यांचं रजेशी नातं आहे हे आपल्या लक्षात येत नाही.

पुढचं मराठवाड्यात सांगायला नको, पण बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. १५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला, निजामाने सामील व्हायला नकार दिला. तेव्हा मराठवाड्याचे पाच जिल्हे, तेलंगण आणि कन्नड मुलूख मिळून सोळा जिल्ह्यांचं ते संस्थान होतं. आमचा परभणी जिल्हा त्यात, आणि तेव्हाच्या परभणीत आजचा हिंगोलीही होता. राज्य निजामाचं, पोलीस निजामाचे, आणि त्यांच्या जोडीला हे हत्यारबंद स्वयंसेवक. गावं लुटली गेली, जाळली गेली, खून पडले, बायकांवर अत्याचार झाले. स्वामी रामानंद तीर्थांच्या स्टेट काँग्रेसने सरहद्दीवर कॅम्प उघडले, तिथून करोडगिरी नाक्यांवर हल्ले होऊ लागले, त्याचा सूड पुन्हा गावांवर निघू लागला. परभणी-हिंगोलीकडची कुटुंबं रातोरात बैलगाड्या जुंपून वऱ्हाडात गेली. घराघरात त्या प्रवासाच्या गोष्टी आहेत. परड्यात पुरलेली भांडी, हंबरू नये म्हणून तोंड बांधलेली वासरं, मागे राहिलेली म्हातारी. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा आत आल्या आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली.

आपल्या खुशीने काम करणारा, हा शब्दाचा अर्थ. पण ज्यांच्यावर ते काम झालं त्यांची रजा कुणी विचारली होती? संमती घालणाऱ्याच्या अंगावरच्या कपड्यात होती, समोरच्याच्या वाट्याला नव्हती. म्हणून शब्दाचा अर्थ गणवेश घालणाऱ्यांनी ठरवला तो टिकला नाही. घर सोडून पळणाऱ्यांनी ठरवला तो टिकला.

असं फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. फ्रेंच लोकांचा एक शब्द बघा. कोलॅबोरेशन, म्हणजे मिळून काम करणं, लॅटिनमधून आलेला निरुपद्रवी शब्द. ऑक्टोबर १९४० मध्ये मार्शल पेताँ हिटलरला भेटले आणि रेडिओवरून देशाला म्हणाले की आपण आता या मार्गाने जाणार. चार वर्षांनी तोच शब्द देशद्रोहाचं नाव झाला. फ्रेंचमध्ये कोलाबो ही आजही शिवी आहे. जर्मनमध्ये कोलाबोरातर म्हटलं की शत्रूला मिळालेला माणूसच डोळ्यांसमोर येतो, साध्या सहकार्यासाठी त्यांनी आपला देशी शब्द ठेवला आहे. इंग्रजीत मात्र दोन्ही अर्थ शेजारी शेजारी नांदतात. आणि आपल्याकडे पुण्या-मुंबईच्या ऑफिसांतून रोज कोलॅबरेशन चालतं, तरुण मुलं एकमेकांना "कोलॅब करूया" म्हणतात. शब्द एकच, पण ज्या देशावर नाझींचा ताबा होता तिथे तो उच्चारताना जीभ अडखळते, आणि जिथे नव्हता तिथे अडखळत नाही.

रझाकार या शब्दावर अशी वेळ दोनदा आली. दुसऱ्यांदा बंगालमध्ये. १९७१ साली पूर्व पाकिस्तानात स्वातंत्र्याची चळवळ चिरडायला पाकिस्तानी लष्कराने स्थानिक लोकांचं एक साहाय्यक दल उभं केलं आणि त्याला नाव दिलं रझाकार. खुलन्यात त्याची सुरुवात झाली. बंगाली उच्चार राजाकार, पण राजाशी त्याचा संबंध नाही. या दलाने लष्कराला वाटा दाखवल्या, घरं दाखवली, माणसं पकडून दिली. बांगलादेश झाल्यावर हा शब्द त्या भाषेतली सगळ्यात वाईट शिवी झाला. पुढे ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस हुमायून अहमद यांच्या एका टीव्ही मालिकेत पोपटाला "तू रजाकार" म्हणायला शिकवलेलं दाखवलं होतं. माणसांनी जे बोलायला नको ते पोपट बोलला, आणि सगळ्या देशाला ते कळलं.

इथे एक फरक लक्षात घ्या. मराठवाड्यातला रझाकार आणि बंगालमधला राजाकार हे दोघेही वाईट, पण वेगवेगळ्या कारणांनी. आमच्याकडे शब्दात मुख्य आहे ती दहशत, आणि तो आठवणीत हिंदू-मुसलमान या रेषेवर उभा आहे. बंगालमध्ये मुख्य आहे तो विश्वासघात, आणि मारणारे आणि मरणारे यांत दोन्हीकडे मुसलमान होते. तेलंगणात आणखी तिसरी छटा. तिथे रझाकारांबरोबर देशमुख-जमीनदारांची आणि वेठबिगारीची आठवण येते, आणि त्यांच्याशी लढणाऱ्यांत कम्युनिस्टांची दलं होती. एकाच शब्दाला परभणीत, नलगोंड्यात, ढाक्यात आणि कराचीत चार वेगवेगळे चेहरे आहेत. (खुद्द कासीम रझवी १९५७ साली तुरुंगातून सुटून पाकिस्तानात गेले आणि १९७० मध्ये कराचीत वारले. त्या गावात रझाकार म्हणजे अजूनही मदत करणारा माणूस.)

मग जुलै २०२४ आला. ढाक्यात सरकारी नोकऱ्यांतल्या राखीव जागांविरुद्ध विद्यार्थी रस्त्यावर होते. पंतप्रधान शेख हसीना यांनी पत्रकारांसमोर प्रश्न केला, की स्वातंत्र्यसैनिकांच्या नातवंडांना सवलत नाही द्यायची तर काय रझाकारांच्या नातवंडांना द्यायची? त्याच रात्री विद्यापीठातली मुलं-मुली वसतिगृहांतून बाहेर पडली आणि घोषणा देऊ लागली: तू कोण, मी कोण, रजाकार, रजाकार! पन्नास वर्षं ज्या शब्दाने माणूस गारद होत असे तो त्यांनी उपहासाने स्वतःच्या अंगावर ओढून घेतला. ज्याने त्याने, ज्याला त्याला, इतक्या वेळा तो चिकटवला होता की त्याची धार गेली होती. त्यानंतर गोळीबार झाला, शेकडो माणसं मेली, आणि ५ ऑगस्टला हसीना देश सोडून भारतात आल्या. सरकार एका शब्दामुळे पडलं असं कुणी म्हणणार नाही. पण ती ठिणगी होती हे खरं.

हे वाचताना मला आमचा मराठवाडा आठवल्याशिवाय राहिला नाही.

कारण १७ सप्टेंबर १९४८ नंतरही एक गोष्ट आहे, जी आम्ही कमी सांगतो. मुक्तिसंग्राम हा शब्द आमच्या घरात, आणि "पोलीस ॲक्शन" हा शब्द पलीकडच्या मोहल्ल्यात. घटना एक, नावं दोन. आमच्या नावात सुटका आहे, त्यांच्या नावात धसका आहे. फौजा आल्यावर सूडाची लाट उठली. ज्यांनी अत्याचार केले होते त्यातले बरेच पळाले होते किंवा पकडले गेले होते. मागे राहिले ते अत्तार, मोमीन, बागवान, तांबोळी, शेतकरी, शिपाई. त्यांच्यावर शिक्का बसला, रझाकार. केंद्र सरकारच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांची समिती त्या हिवाळ्यात संस्थानभर फिरली. तिच्या अंदाजाने पोलीस ॲक्शनच्या दरम्यान आणि नंतर सत्तावीस ते चाळीस हजार माणसं मारली गेली होती. सगळ्यात जास्त झळ पोचलेले चार जिल्हे तिने सांगितले, त्यात उस्मानाबाद आणि नांदेड आपले. तो अहवाल कित्येक दशकं बाहेर आला नाही, २०१३ च्या सुमारास अभ्यासकांना बघायला मिळाला. त्याच अहवालात एक गोष्ट अशीही नोंदलेली आहे की काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना जिवावर उदार होऊन वाचवलं. एका मागावर बसणाऱ्यांना एकमेकांचे चेहरे माहीत होते, शिक्का चालला नाही.

आणि उलट बाजूने बघा. ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत रझाकारांनी ज्याला रस्त्यात गाठून मारलं तो शोएबुल्ला खान हा 'इमरोज' या उर्दू दैनिकाचा तरुण संपादक होता. त्याचा गुन्हा एवढाच की त्याने संस्थानाने भारतात सामील व्हावं असं उर्दूत लिहिलं. तोही उर्दू बोलणारा, तोही मुसलमान. त्यालाही कुणीतरी म्हणालं असेल की आमच्यात ये. तो गेला नाही.

आता मला काय म्हणायचं आहे ते सांगतो. आमच्या आजीच्या पिढीने जे भोगलं ते विसरा असं मी म्हणत नाही, तसं म्हणायचा मला हक्कही नाही. परभणी, हिंगोली, नांदेडच्या गावांतले हुतात्मा स्तंभ खरे आहेत. तो शब्द त्या कृत्यांचं नाव म्हणून राहू दे. पण निवडणूक आली, कुठे दगड पडला, क्रिकेटचा सामना झाला, की हाच शब्द आजही सभांतून आणि व्हॉट्सॲपवरून फेकला जातो. १९४८ नंतर चाळीस-पन्नास वर्षांनी जन्मलेल्या पोराच्या तोंडावर फेकला जातो. ज्याचा पणजोबा कदाचित शोएबुल्लाच्या बाजूचा असेल, कदाचित कुठल्याच बाजूचा नसेल, नुसता बांगड्या विकत असेल. आणि २०२३ साली निजामकाळच्या नोंदी शोधायची वेळ आली, तेव्हा जुने उर्दू कागद वाचू शकणारी माणसं मराठवाड्यात आपल्याला हवीच होती.

या शब्दाने उर्दूचंही नुकसान केलंय. आमच्याकडे उर्दू बोलणारी तरुण मुलं रक्तदान शिबिर घेतात, उन्हाळ्यात पाणपोई लावतात, करोनात त्यांनी दोन्ही धर्मांच्या मयती उचलल्या. त्यांच्या भाषेत या कामाला एक सुंदर शब्द आहे. पण मी तो त्यांच्या तोंडून कधी ऐकलेला नाही. ती म्हणतात, "हम वॉलंटियर हैं." लाहोरचा मुलगा सहज बोलेल तो शब्द परभणीचा मुलगा बोलू शकत नाही. तो त्याच्यापासून कासीम रझवींनी एकदा हिरावला, आणि आपण रोज हिरावतो.

मूळ अर्थ दाखवून आजचा अर्थ ठरत नाही हे वर म्हटलंच आहे. तरी या शब्दाच्या बाबतीत मूळ अर्थाची एक आठवण ठेवायला हरकत नाही. रझाकार म्हणजे ज्याने आपल्या रजेने, आपल्या मर्जीने ते काम पत्करलं तो. ज्यांनी १९४७-४८ मध्ये ते पत्करलं त्यांना ते नाव आहे, आणि ते त्यांच्याकडेच राहावं. रझाकार व्हायला राजी व्हावं लागतं. आईच्या पोटातून कुणी राजी होऊन येत नाही.